प्रार्थनेला बसायचं कसं? नव्याने नेम धरणाऱ्या कॅथलिकांसाठी

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चहा घेताना कुणीतरी हळूच बाजूला येऊन विचारतंच. "ताई, घरी प्रार्थनेला बसते. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' होतं, 'नमो मारिया' होतं, घरच्यांची नावं घेऊन होतात. पाच मिनिटांत सगळं संपतं. मग पुढे काय करायचं?" विचारणारी कधी नवी सून असते, कधी नुकताच दृढीकरणाचा संस्कार झालेला कॉलेजातला मुलगा, कधी चाळिशीत बाप्तिस्मा घेतलेले गृहस्थ. मी सिस्टर नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. रेल्वेत बुकिंगच्या खिडकीवर तीस वर्षं काढली, तिन्ही पाळ्यांत. त्या धबडग्यात जे टिकलं, तेवढंच सांगते.

आणि जे टिकलं त्याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: नेम. माझ्या शेजारच्या मावशी वारकरी आहेत. पंढरपूर इथून, सोलापुराहून, सत्तरेक किलोमीटर, पण त्यांचा हरिपाठ रोज संध्याकाळी घरातच होतो, बरं वाटो न वाटो. "आज मन लागलं का?" असं त्यांनी स्वतःला कधी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. आपण मात्र प्रार्थनेला बसल्यावर दोन मिनिटांतच मन लागतंय का ते तपासायला लागतो. नव्या माणसाची पहिली अडचण इथेच सुरू होते.

पहिली पायरी: वेळ ठरवा, आणि ती कमी ठरवा

पंधरा मिनिटं पुरे. उत्साहात येऊन एक तास ठरवला की चौथ्या दिवशी अर्धा होतो आणि आठव्या दिवशी बंद पडतो. पंधरा मिनिटं, रोज, आणि आधीच अंगवळणी पडलेल्या एखाद्या कामाला जोडून: चहाचं आधण ठेवण्याआधी, मुलांना उठवण्याआधी, रात्रपाळीहून आल्यावर अंघोळ झाली की लगेच. "वेळ मिळेल तेव्हा" ही वेळ कुणालाच मिळत नाही. एकेकाळी हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठायचं-बसायचं. चर्चची घंटाही तेच काम करायची. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, देवदूताच्या संदेशाची प्रार्थना, हातातलं काम थांबवून. भोंगे गेले, पण घड्याळ आहेच की.

सोलापुरात एक गोष्ट आधीच धरून चालावी लागते: पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार, तेही भलत्या वेळी, आणि त्या दिवशी घरातलं कुणीच शांत बसणार नाही. त्या दिवसाचा नेम वेगळाच ठेवा. मी त्या दिवशी बसतच नाही. पाइप पिंपात सोडते आणि शेजारी उभी राहून जपमाळ घेते. माझ्या नळाच्या धारेला दोनशे लिटरचं पिंप भरायला दोन रहस्यं लागतात (एक रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग आणि त्याचे दहा मणी), धार बारीक असली तर तीन. यात देवाचा काही अपमान होत नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू स्वयंपाकघरात काम करायचे. भांड्यांच्या खणखणाटातही देवाजवळ असल्यासारखं कसं राहायचं, हे त्यांच्याकडून शिकायला मोठमोठी माणसं यायची.

जागा

येशूने सांगितलं, खोलीत जा आणि दार लाव (मत्तय 6:6). एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर दार कुठलं लावणार? मग जागा लहान करा. घडी घातलेली एक चादर, भिंतीकडे तोंड, समोर क्रूस. ती चादर त्याच कामाला ठेवली की आठ-पंधरा दिवसांत घरातली पोरंसुद्धा ओळखतात, आई चादरीवर आहे, आत्ता हाक मारायची नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत, नसली दुसरी खोली तर डब्यात. मेणबत्ती लावायची असेल तर लावा, पण एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की मेणबत्ती आणि पंखा यांतलं एकच निवडावं लागतं. मी पंखा निवडते.

दुसरी पायरी: सुरुवात सावकाश

क्रूसाची खूण करा, पण माशी हाकलल्यासारखी नको. हात कपाळावर न्या, थांबा. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने" यातला एकेक शब्द नीट उच्चारा. मग मिनिटभर काही बोलू नका. आपण त्याच्यासमोर बसलो आहोत आणि तो आपल्याकडे बघतो आहे, एवढंच मनात आणा.

भाषेचं बऱ्याच जणांचं अडतं. आपल्या शहरात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात हिंदी, चर्चमध्ये मराठी किंवा इंग्रजी. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि रडता, त्या भाषेत देवाशी बोला. पुस्तकातली प्रार्थना मराठीत आणि मनातलं गाऱ्हाणं तेलुगूत, चालतं.

चर्चची शिकवण प्रार्थनेचे तीन प्रकार सांगते: तोंडाने म्हणायची, मनन करायची, आणि नुसतं देवाकडे बघत राहायची. नवी माणसं पहिल्या प्रकाराला कमी लेखतात. "पाठ केलेली प्रार्थना ती काय प्रार्थना?" असं म्हणतात. शिष्यांनी "आम्हाला प्रार्थना करायला शिकव" म्हटल्यावर येशूने त्यांना शब्दच दिले (लूक 11). तेव्हा 'आमच्या स्वर्गातील पित्या'ने सुरुवात करा, पण एवढी हळू की एखादा शब्द अडकला पाहिजे. "आजची भाकर आज आम्हाला दे" इथे मी महिनाअखेरीला कितीतरी वेळा अडकले आहे. अडकलं की पुढे जायची घाई नको. त्या दिवसाची प्रार्थना तीच.

तिसरी पायरी: शुभवर्तमान घेऊन बसणं

पाच मिनिटांत संपणारी प्रार्थना पंधरा मिनिटांची होते ती इथे. कारण इथे बोलायचं काम आपल्या एकट्याचं राहत नाही.

आधी बायबलबद्दल. सोलापुरात प्रोटेस्टंट मिशनचं काम जुनं आहे, त्यामुळे कुणी प्रेमाने भेट दिलेलं मराठी बायबल बहुतेक वेळा 66 पुस्तकांचं असतं. कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं असतात. तोबित, यहूदिथ, ज्ञानग्रंथ वगैरे सात जास्त. घरात 66चं असेल तर सुरुवात अडत नाही, चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तकं, दोन्हींत आहेत. पण फादरांना सांगून 73चं मागवून ठेवा.

मार्कपासून सुरू करा. सगळ्यात लहान, सोळाच अध्याय, आणि धावतं लिखाण. रोज आठ-दहा वचनं, जास्त नाही. पद्धत बाराव्या शतकातली आहे. गिगो नावाच्या एका कार्थुसी मठवासीयाने तिला चार पायऱ्यांची शिडी म्हटलं: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. ऐकायला जड वाटतं. करून दाखवते.

मार्क 10:46 ते 52. यरीहोच्या रस्त्याकडेला बार्तिमय नावाचा आंधळा भिकारी बसला आहे. एकदा वाचा. परत वाचा, या वेळी तोंडाने, स्वतःला ऐकू येईल असं. कुठल्या शब्दाशी मन थबकतं ते बघा.

मी थबकते ती त्याच्या वस्त्राशी. येशूने बोलावल्यावर तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो, असं मार्कने लिहिलंय. आमच्या स्टेशनच्या पुलावर एक आजोबा बसायचे, समोर चादरीचा तुकडा पसरून. दिवसाची कमाई त्या चादरीवर, रात्रीचं पांघरूण तीच, उशी तीच. पाऊस आला की आधी चादर उचलायचे, मग स्वतः उठायचे. बार्तिमयाने तेच टाकलं, आणि अजून त्याला दिसायलाही लागलं नव्हतं. दिसायचं तर पुढे होतं! आंधळ्याने गर्दीत टाकलेलं वस्त्र परत सापडतं का? हे झालं मनन. हुशारी नको, अर्थ लावत बसणं नको. जे दिसतंय तिथे थोडं रेंगाळायचं.

मग विचार येतोच, माझी चादर कुठली? तिथे मननाची प्रार्थना होते, कारण आता मी येशूशी बोलते: "ही नोकरी गेली तर काय, याची भीती मी घट्ट धरून बसले आहे." तो बार्तिमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? प्रश्न आपल्याला विचारला आहे असं समजून उत्तर द्या. खरं उत्तर. माझं एकदा "मला झोप हवी" एवढंच होतं.

शेवटची दोन-तीन मिनिटं काही बोलू नका, वाचू नका. बसा. कधी काही जाणवेल, बहुतेक वेळा जाणवणार नाही. उठताना त्या उताऱ्यातलं एखादं वाक्य दिवसभरासाठी उचला. बार्तिमयाची हाक तर जपासारखीच आहे: "दाविदाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर." पूर्वेकडच्या चर्चमध्ये याच हाकेच्या जवळची एक छोटी प्रार्थना शतकानुशतकं श्वासाबरोबर म्हणतात. भाकरी थापताना म्हणून बघा, हाताला आपोआप लय येते.

मन भटकतं तेव्हा

भटकणारच. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घराला लागून यंत्रमाग होते. दिवसरात्र खडाखड. पहिला महिना मी प्रार्थनेला बसले की फक्त माग ऐकायचे. सासूबाईंना म्हटलं, "आई, इथे कसं हो होणार?" त्या म्हणाल्या, "तू त्यांच्याशी भांडू नकोस, ते त्यांचं काम करतायत." महिन्या-दोन महिन्यांनी एकदा वीज गेली, माग एकदम थांबले आणि त्या शांततेने मी दचकले. तेव्हा लक्षात आलं, आवाज केव्हाचा ऐकू येईनासा झाला होता.

मनातल्या विचारांचंही असंच करा. विजेचं बिल आठवलं, भावजयीचं बोलणं आठवलं, आठवू दे. त्याच्याशी भांडू नका, त्याच्या मागेही जाऊ नका. हातातल्या वचनावर परत या. पंधरा मिनिटांत वीस वेळा परत आलात तर वीस वेळा देवाकडे वळलात. एखादा विचार फारच चिकटला तर त्यालाच प्रार्थना करा: "प्रभू, हे बिल बघ." आणि डुलकी लागली तर फार मनाला लावून घेऊ नका. लिझूच्या संत तेरेझाला प्रार्थनेत झोप यायची, आणि आईबापाला झोपलेलं लेकरूही तितकंच प्रिय असतं, असं तिने लिहून ठेवलंय.

कोरडा काळ

आता जरा नीट सांगते, कारण माणसं नेम सोडतात ती इथे. पहिले दोन-तीन महिने छान जातात. मग एक दिवस सगळं पिठूळ लागतं. वाचलेलं पोहोचत नाही, बोललेलं छताला लागून परत येतं. वाटतं, माझंच काही चुकलं, किंवा हे सगळं मनाचे खेळ होते.

आविलाची संत तेरेझा ही वेगळी, 1515 ते 1582 या काळातली, प्रार्थनेची केवढी मोठी गुरू. तिनेच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेत तिचं सगळं लक्ष तास कधी वाजतो याकडे असायचं. तिने प्रार्थनेला बागेची उपमा दिली आणि पाणी घालायचे चार प्रकार सांगितले: विहिरीतून हाताने शेंदणं, रहाटाने काढणं, ओढ्याचं पाणी खेळवणं आणि पाऊस. स्पेनमधल्या बाईने लिहिलेलं हे मला मात्र आपल्या जिल्ह्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. माझ्या आजोळी विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून खाली जायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात उपडी व्हायची आणि पाटातून पाणी निघायचं. शेवटच्या सरीपर्यंत ते पोहोचायला केवढा वेळ. दुपारपर्यंत बैलही दमायचे आणि मामाही. नव्या माणसाची प्रार्थना ही मोटेची. कष्ट जास्त, पाणी थोडं. पाऊस आपल्या हातात नाही, तो देवाचा.

आणि विहीरच आटली तर? तेरेझाने तेही विचारलंय. तिचं म्हणणं, तरी पोहरा सोडत राहा. बाग मालकाची आहे, विहीर आटलेली त्याला दिसते, तो झाडं जगवेल.

लोयोलाचे संत इग्नासी, जेझुइट संघाचे संस्थापक, यांचा एक नियम इथे फार उपयोगी पडतो: कोरड्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. मन प्रसन्न असताना पंधरा मिनिटं ठरवली होती ना, मग मन उदास असताना ती दहावर आणायची नाहीत. उलट ते म्हणतात, अशा वेळी थोडं जास्तच बसा. मी एक मिनिट जास्त बसते. आणि अशा दिवसांत स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं उघडा. 13वं स्तोत्र "हे प्रभो, कुठवर?" असंच सुरू होतं. 88वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते बायबलात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

एक सावधगिरी. झोप उडाली, जेवण जाईना, आठवडेच्या आठवडे काहीच करावंसं वाटेना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर तो प्रार्थनेतला कोरडेपणा नव्हे. डॉक्टरांकडे जा. प्रार्थना चालू ठेवा, पण जा.

जपमाळ

हिच्याबद्दल थोडक्यात, कारण माळ घरोघरी आहेच. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली जोडली, म्हणून आजीच्या जुन्या पुस्तकात ती सापडणार नाहीत. नव्या माणसाने रोज एकच रहस्य घ्यावं, दहा मणी. प्रत्येक वेळी प्रसंग डोळ्यांसमोर आणा, नाहीतर तोंड 'नमो मारिया' म्हणतं आणि डोकं भाजीचा हिशेब करतं. पाच रहस्यांना वीसेक मिनिटं लागतात. स्टेशनपर्यंतच्या सिटी बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, पदराखाली माळ धरून होतात. माझी माळ दोनदा तुटली. दोन्ही वेळा शेजारच्या मागावरचं सूत मागून गाठी मारून घेतल्या. त्या दोन गाठी बोटाला लागल्या की कळतं, तिसरं रहस्य सुरू झालं.

रात्रीची उजळणी

झोपण्याआधी पाच-सात मिनिटं. हीही इग्नासींचीच पद्धत. दिवसाबद्दल आभार, नीट दिसावं म्हणून प्रकाशाची मागणी, सकाळपासूनचा दिवस एकेक तास मागे बघणं, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी एक ठराव. आभार आधी, हे विसरू नका. आपण अंथरुणाला पाठ टेकली की थेट चुकांवर येतो.

एकदा आषाढीच्या गर्दीत खिडकीशी एक आजीबाई पदराच्या गाठीतून चिल्लर काढून मोजत होत्या. पाच रुपये कमी पडत होते. मागे रांग ओरडत होती आणि मीही ओरडले. दिवसभर मला ते आठवलंही नाही. रात्री तासागणिक मागे जाताना, सकाळचे साडेदहा, तो पदर आणि ती गाठ समोर आली. क्षमा मागितली. ठराव एवढाच केला की उद्या ड्रॉवरच्या कोपऱ्यात स्वतःचे वीस रुपये सुटे ठेवायचे. निवृत्त होईपर्यंत ठेवले. "उद्यापासून चांगली वागेन" असा ठराव करू नका, तो दुसऱ्या दिवशी कुठे ठेवायचा तेच कळत नाही.

ही उजळणी महिनाभर केलीत की पापनिवेदनाला गेल्यावर "काय सांगू?" हा प्रश्न उरत नाही. महिन्यातून एकदा जावं. पाठ केलेली यादी नको, उजळणीत पुन्हा पुन्हा समोर येणारं एकच नीट सांगा.

वही

एक साधी वही ठेवा. कुणी "आमच्यासाठी प्रार्थना करा" म्हटलं की "हो हो" म्हणून आपण विसरतो. नाव लिहा, तारीख लिहा, रोज त्यातली तीन-चार नावं घ्या. माझ्या वहीतली निम्मी नावं ख्रिस्ती नाहीत. विडी वळणाऱ्या बाया, मागावरचे कामगार, त्या वारकरी मावशी. त्या म्हणतात, "तुमच्या देवालाही सांगून ठेवा." त्यांचा नातू बारावीला होता तेव्हा रोज सांगत होते.

चर्चशी धागा

घरची प्रार्थना कितीही जमली तरी ती मिस्सेची जागा घेत नाही, मिस्सेतूनच ती येते. दोन गोष्टी करा. रविवारी दहा मिनिटं आधी जाऊन त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचून ठेवा, आणि ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घेतल्यावर जागेवर येऊन खरंच गप्प बसा. चपला शोधायची घाई नंतर. जमेल त्या आठवड्यात रविवारखेरीज आणखी एखाद्या दिवशीही मिस्सेला जा. पवित्र साक्रामेंताची आराधना (वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तशरीरासमोरची उपासना) असेल तेव्हा अर्धा तास बसा, तिथे काही म्हटलंच पाहिजे असं नाही. आणि तीन-चार महिने नेम झाला की फादरांना किंवा एखाद्या अनुभवी सिस्टरना वेळ मागून भेटा. प्रार्थनेत काय होतं ते जसंच्या तसं सांगा, चांगलं वाटावं म्हणून रंगवून नको.

नेम मोडला, चार दिवस गेले, तर पाचव्या दिवशी पंधराच मिनिटं बसा. राहिलेली साठ मिनिटं भरून काढायची नाहीत. खिडकीवर हिशेब जुळवायची सवय असल्याने मी सुरुवातीला ते करायचे, आणि थकून परत सोडायचे.

उद्या सकाळसाठी उतारा: मार्क, अध्याय 1, वचन 35 ते 39. पहाटे अंधारात उठून येशू एकांतात प्रार्थनेला जातो आणि लोक त्याला शोधत तिथेही पोहोचतात. चादर आजच घडी घालून ठेवा, बायबलात खूण घाला. गजर मोबाइलवर लावू नका, घरात साधं घड्याळ असेल तर त्यावर लावा. आणि उद्या पाण्याचा दिवस असेल तर परवापासून.